प्रौढ दिव्यांग माणसाला आपल्या घरी सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, अकरा वर्षांपासून आमच्याकडे राहतात. वय ४७, डाउन सिंड्रोम. आत्याबाईंच्या तेराव्याला 'पंधरा दिवस आमच्याकडे राहू दे, मग बघू' असं ठरलं होतं. ते पंधरा दिवस अजून संपले नाहीत. आता ओळखीतून फोन येतात. कुणाच्या मावशीची मुलगी असते, कुणाच्या शेजारच्या आजोबांचा चाळिशीतला मुलगा असतो. 'आम्ही घरी आणावं म्हणतोय, काय काय करावं लागतं?' तीच उत्तरं देऊन थकले, म्हणून एकदाची लिहून काढली. माहिती महाराष्ट्रापुरती आहे. रकमा आणि अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी कार्यालयात एकदा विचारून घ्या.

लहान मुलांना फॉस्टर केअर असतं (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवणं), तसं प्रौढांसाठी काही सरकारी आहे का?

नाही. आपल्याकडचं फॉस्टर केअर बाल न्याय कायदा, २०१५ खाली येतं आणि अठराव्या वाढदिवसाला संपतं. राज्याची बाल संगोपन योजनाही मुलांसाठीच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की, आईवडील सांभाळू शकत नसतील तर न्यायालयाने दिव्यांग मुलाला आधी जवळच्या नातेवाइकांकडे द्यावं, तेही जमलं नाही तर समाजातल्याच एखाद्या कुटुंबात ठेवावं, आणि अगदीच अपवाद म्हणून निवारागृहात. वाचायला छान वाटतं, पण कलमात शब्द 'मूल' आहे. पस्तीस वर्षांच्या माणसाला घरात घेणारं कुटुंब सरकारच्या लेखी कुणीच नाही. त्याला मानधन नाही, प्रशिक्षणाची सक्ती नाही आणि महिन्यातून एकदा येऊन चौकशी करणारा अधिकारीही नाही. हे शेवटचं तर मला धोक्याचंच वाटतं, कारण आमच्या घरात भाऊजींचं काय चाललंय हे पाहायला बाहेरचं कुणी येतच नाही.

तेव्हा आहे ते असं: पालकत्वाचा कायदा एकीकडे, विमा दुसरीकडे, अनुदान तहसीलदाराकडे, पेन्शन कोषागारात. हे सगळे तुकडे आपणच गोळा करून गोधडी शिवायची.

मग सरळ दत्तकच घेतलं तर?

हिंदू दत्तक कायद्यात (१९५६) पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला दत्तक घेता येत नाही, तशी रूढी असल्याखेरीज. शिवाय भाऊजी माझ्या नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत. हा प्रश्न आम्हाला एका वकिलाने गंभीर चेहऱ्याने विचारला होता.

पालकत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे काय? ते कुठे मिळतं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कायद्याने आईवडील अठरा वर्षांपर्यंतच पालक असतात. मूल बौद्धिक दिव्यांग असलं तरी अठरा पूर्ण झाले की ते कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रौढ. कित्येक आईवडिलांना हे माहीतच नसतं. मुलगा चाळिशीचा होतो, सह्या वडीलच करत राहतात, बँकेतला ओळखीचा माणूस चालवून घेतो. वडील जातात, बँकेतल्या माणसाची बदली होते आणि गाडी अडते. आमचं नेमकं असंच झालं.

यावर उपाय राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ मध्ये आहे. तो चार प्रकारांना लागू होतो: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व. कायद्याच्या मूळ मजकुरात आणि जुन्या दाखल्यांवर तुम्हाला 'मतिमंद' असा शब्द दिसेल. स्किझोफ्रेनियासारखे मनोविकार यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, आणि त्या कायद्यात मतिमंदत्व येत नाही. दोन्हीची गल्लत करून चुकीच्या खिडकीपुढे तासन्‌तास उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली एक मीच.

प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तरीय समिती असते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे त्यात असतात. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात, नोंदणीकृत संस्थेलाही करता येतो. तुमचं रक्ताचं नातं नसेल तर आधी समितीशी जोडलेल्या संस्थेत जाऊन बोला, परस्पर अर्ज टाकू नका. समितीला दोन गोष्टी तपासाव्याच लागतात: या व्यक्तीला पालकाची गरज खरंच आहे का, आणि असली तर कशाकशासाठी.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दोघांचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो ही कागदपत्रं लागतात. भावंडं असतील तर त्यांचं ना-हरकतपत्र आधीच जोडा. आमच्या भाऊजींची सख्खी बहीण परदेशात. तिचं पत्र यायला चार महिने लागले, आणि तोवर आमची फाइल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत होती.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं असंही नाही. सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हेळसांड किंवा अफरातफर झाली तर समिती पालकाला काढू शकते, तशी तक्रार कुणीही नातेवाईक करू शकतो. मला ही तरतूद आवडते. निदान कागदावर तरी कुणीतरी आमच्याकडे बघतंय.

युडीआयडी कार्ड नाही, जुना सिव्हिल सर्जनचा दाखला आहे. चालेल?

काढून घ्या. आता बहुतेक योजनांना तेच मागतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी. कार्डावर पांढरी पट्टी म्हणजे दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली, पिवळी ४० ते ८० च्या मध्ये, निळी ८० आणि वर. तपासणीच्या दिवशी डबा, पाण्याची बाटली आणि त्यांच्या आवडीची एखादी वस्तू न्या, रांग मोठी असते. भाऊजींनी रांगेत बसून माझ्या मोबाइलवर एकच कीर्तन तीनदा ऐकलं.

पालकत्व मिळालं की सगळे निर्णय आमचे?

नाही, आणि तसं वागूही नका. २०१६ च्या कायद्याचा सूर असा आहे की दिव्यांग व्यक्तीलाही कायद्यापुढे इतरांइतकंच स्थान आहे. पालकत्वही त्यात 'मर्यादित' आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या मताप्रमाणे, दोघांनी मिळून. बँक, शस्त्रक्रिया, जमिनीचे कागद यांत आम्ही आहोत. पण केस कुठे कापायचे, कोणता सदरा घालायचा, गणपतीत आरतीचं ताट कुणी धरायचं, हे त्यांचं. गेली अकरा वर्षं ते निळा किंवा निळाच सदरा घेतात. सुरुवातीला मी दिवाळीला बदल म्हणून पिवळा आणला होता. तो आता आमच्या खिडक्या पुसतो.

त्यांना काय हाक मारायची?

गंमत वाटेल, पण मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. ते माझे मोठे दीर आहेत, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते आणि अहो-जाहो करते. आत्याबाईंकडे सगळे त्यांना 'सोन्या' म्हणायचे, डॉक्टर 'बेटा' म्हणायचे, रिक्षावाला 'काय रे बाळा'. सत्तेचाळिशीत मिशीला पांढरे केस आलेत आणि तरी बाळा! मी अहो म्हणायला लागले तेव्हा नणंदा हसल्या. दोन-तीन महिन्यांनी माझ्या मुलीने मला येऊन सांगितलं की काका आता दार वाजवून आत येतात. आम्हीही त्यांच्या खोलीचं दार वाजवायला लागलो होतो, ते त्यांनी पाहिलं होतं.

'देवाचं लेकरू' म्हणणारी माणसं प्रेमळ असतात, वाद घालू नका. पण घरात अरे-तुरे की अहो-जाहो, हे नात्याप्रमाणे ठरवा. अपंगत्वाप्रमाणे ठरवू नका.

पैसे किती लागतात आणि ते कुठून येतात?

जेवणखाणाचा खर्च घरात वाटून जातो, तो जाणवत नाही. जाणवतात ते औषधं, कार्यशाळेचं शुल्क, रिक्षा आणि सोबत थांबणाऱ्या माणसाचा पगार. हा शेवटचा आकडा सगळ्यात मोठा. तो नको असेल तर घरातल्या कुणाची तरी नोकरी सुटते, आणि ती बहुधा बाईचीच सुटते. माझी सुटली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण तुम्ही हिशेब मांडाल तेव्हा ही ओळ त्यात लिहा.

येणारे पैसे असे:

संजय गांधी निराधार अनुदान योजना. तहसील कार्यालयात किंवा सेतूत अर्ज. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये. दरमहा १,५०० मिळत असत. दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. 'कुटुंब' म्हणजे तुमचं की त्यांचं, यावर प्रत्येक तलाठ्याचं मत वेगळं असतं.

कुटुंब निवृत्तिवेतन. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर हे आधी बघा, कारण रक्कम इथेच मोठी असते. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला ते हयातभर मिळू शकतं आणि पालकामार्फत दिलं जातं. केंद्राच्या नियमांत आईवडील जिवंत असतानाच मुलाचं नाव पेन्शनच्या कागदात नोंदवून ठेवता येतं. नोंद नसेल तर मागाहून सिद्ध करण्यात एक-दोन वर्षं जातात. आईवडील अजून असतील तर आजच त्यांना पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढून बघायला सांगा.

निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाचा, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. वयाची अट नाही, आधीपासूनचा आजार चालतो, विम्याआधी तपासणी नाही. बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचाही काही खर्च मिळतो, पण प्रत्येक बाबीला आतली मर्यादा आहे. आधी खिशातून भरायचं, मग बिलं पाठवायची. मूळ बिलं ठेवा, पुसट झालेली झेरॉक्स परत येते.

प्राप्तिकर. इथे एक खाच आहे. ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. ती जुन्या कररचनेतच मिळते, आणि फक्त पती-पत्नी, मुलं, आईवडील आणि सख्खी भावंडं यांच्यासाठी. आतेभाऊ, पुतण्या, भाची यांत बसत नाहीत. आम्ही दोन वर्षं आशेवर होतो.

प्रवास. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्यालाही रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री टायर एसीत ७५ टक्के, टू टायर आणि फर्स्ट एसीत ५०. एसटीत ७५ टक्के, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला निम्मं भाडं.

ग्रामपंचायती आणि पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे गावात किती जणांना माहीत आहे, ते ग्रामसभेत विचारून बघा. मजा येते.

त्यांच्या नावावर घर किंवा जमीन आहे. लोक संशय घेतील ना?

घेतीलच. 'फुकट कोण सांभाळतंय' हे वाक्य माझ्या कानावर आलेलं आहे. त्यांचं बँक खातं वेगळं ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या पालकत्वावर बँका खातं उघडून देतात, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. शाखेत 'असं काही नसतं' असं म्हणाले तर तो आदेश छापून न्या. खर्चाची वही ठेवा. आमच्याकडे एक जाड लाल वही आहे, त्यात कात्री, चप्पल, औषध, रिक्षा सगळं लिहिलेलं असतं. वर्षाला एकदा तिचे फोटो मी परदेशातल्या नणंदेला पाठवते, तिने मागितलेले नसले तरी.

घरी आणल्यावर पहिले काही महिने कसे जातात?

आमच्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगते.

आत्याबाई गेल्या तेव्हा भाऊजींना स्मशानात नेलं नाही. 'त्याला काय कळणार' असं सगळ्यांचं मत पडलं. घरी सांगितलं, 'आई गेली.' मग कुणीतरी दुरुस्ती केली, 'देवाघरी गेली.' भाऊजींनी ऐकून घेतलं. आमच्याकडे आल्यावर रोज संध्याकाळी सहाला ते चपला घालून दाराशी बसायला लागले. आत्याबाई सहाला देवळातून परत यायच्या. आई देवाकडे गेली म्हणजे देवळात गेली, आणि देवळातून आई येते, हे त्यांचं गणित बरोबरच होतं. आपली भाषा मरणाला 'जाणं' म्हणते, आणि गेलेलं माणूस येतं ही रोजची गोष्ट आहे.

चार महिन्यांनी विशेष शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं की सरळ शब्द वापरा. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, 'आई मरण पावली. तिचं शरीर बंद पडलं. ती आता येणार नाही.' ते ओक्साबोक्शी रडले. त्या रात्री पहिल्यांदा ते न उठता झोपले. पुढच्या पितृपक्षात त्यांनीच आईच्या पानावर जिलबी वाढली.

तेव्हा शोक धरून चाला. घर बदलतं, आई जाते, बिछाना बदलतो, चहाचा कप बदलतो, हे सगळं एकाच आठवड्यात घडतं. त्यांच्या जुन्या घरातल्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू आणा. आम्ही पलंग आणला नाही, पण स्टीलचा कप आणला, आणि तेवढं पुरलं. जमत असेल तर आई-वडील असतानाच चार-चार दिवसांचं राहणं सुरू करा. आम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही.

दोन खोल्यांचं घर आहे. चालेल का?

चालतं. स्वतःचं कपाट, स्वतःची जागा आणि आतून बंद होणारं पण बाहेरूनही उघडता येणारं न्हाणीघराचं दार, एवढं असू द्या.

दिवसभर ते काय करतील?

टीव्हीपुढे बसवून ठेवलं तर सहा महिन्यांत माणूस जड होतो, अंगानेही आणि मनानेही. विशेष शाळा अठराला संपते, त्यानंतर प्रौढांची कार्यशाळा. कागदी पिशव्या, पणत्या, राख्या, उटणं अशी हंगामी कामं तिथे असतात. पुणे-मुंबईत संस्था जुन्या आहेत. मुंबईचं जय वकील १९४४ पासून आहे, पुण्याची कामायनी १९६४ पासून. तालुक्याच्या गावी काही नसेल तर खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे कौशल्यांचा अंदाज घेऊन सल्ला देतात.

घरात कामं द्या, पण ती त्यांची म्हणून द्या. आमच्याकडे शेंगा सोलणं, दूध आणणं आणि रात्री गेटला कुलूप लावणं ही भाऊजींची खाती आहेत. दुसरं कुणी कुलूप लावलं तर ते उघडून पुन्हा लावतात. एक सावधगिरी: 'मदत' आणि 'फुकटचा गडी' यांतली रेघ पुसट आहे. मी काही घरं पाहिली आहेत जिथे पहाटे पाचपासून पाणी भरणारा माणूस रात्री ओट्याखाली झोपतो आणि घरचे म्हणतात, 'आम्ही त्याला सांभाळतो.' दिव्यांग माणसाला मारणं, अपमान करणं, उपाशी ठेवणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. असं दिसलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे कुणीही तक्रार करू शकतं, शेजारीसुद्धा.

तब्येतीचं काय बघायचं?

मुख्य अडचण ही की ते 'दुखतंय' असं सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी भाऊजी अचानक ताट ढकलायला लागले, एकदा माझ्या सासूबाईंच्या हातावर चापट मारली. सगळे म्हणाले, 'वय झालं, डोकं फिरलं.' एका दवाखान्यात तर शांत करणारी गोळीच सुरू केली. तीन आठवड्यांनी कळलं की दाढ किडून पू झाला होता. वागणं बदललं की आधी दात, कान, पोट, लघवी तपासून घ्या, गोळी नंतर. बद्धकोष्ठानेसुद्धा माणूस भिंतीवर डोकं आपटतो.

डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी वर्षातून एकदा. ऐकू कमी येणं, लवकर येणारा मोतीबिंदू आणि झोपेत श्वास अडकणं हेही त्यांच्यात जास्त आढळतं. चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका खूप वाढतो. मेंदूत साठणाऱ्या त्या प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं आणि यांच्याकडे ते गुणसूत्र एक जास्त. म्हणून आज ते काय काय करू शकतात याचा एक व्हिडिओ काढून ठेवा: बटणं लावताना, जिना उतरताना, नावं सांगताना. पुढे डॉक्टरला तुलना करायला तो फार उपयोगी पडतो.

आकडी येत असेल तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवणं तर अजिबात नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

बाई किंवा मुलगी असेल तर काय वेगळं?

राष्ट्रीय न्यासाच्या नियमांत एकट्या पुरुषाला दिव्यांग स्त्रीचं पालकत्व देत नाहीत. जोडपं असेल तर पत्नीला मुख्य मानून दोघांना मिळून देतात.

दुसरा विषय पाळीचा. 'गर्भाशयच काढून टाकू, कटकट नको' हा सल्ला अजूनही मिळतो, शिकलेल्या माणसांकडूनसुद्धा. १९९४ साली पुण्यात सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा स्त्रीसंघटनांनी मोठा आवाज उठवला होता. आता २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही. कॅलेंडरवर लाल टिकल्या, कपाटात ठरलेली जागा आणि रोज एकाच क्रमाने शिकवणं, यावर बऱ्याच जणी स्वतःचं स्वतः करतात. शिकवायला वर्ष लागेल, तेवढं द्या. 'नको' म्हणायला आणि आरडाओरडा करायलाही शिकवा. आपण मुलींना गप्प बसायला शिकवतो, आणि या मुलींना जरा जास्तच.

घरातल्या मुलांवर परिणाम होईल का?

होईल. माझा मुलगा सातवीत मित्रांना घरी आणायचा बंद झाला होता. नववीत पुन्हा आणायला लागला. त्या दोन वर्षांत आम्ही त्याला काही सुनावलं नाही, तेवढंच केलं.

आम्हाला सुट्टी कशी मिळणार?

राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ योजनेत तात्पुरत्या राहण्याची केंद्रं आहेत, घरौंदामध्ये कायमची, सहयोगीमध्ये सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण. सगळ्या जिल्ह्यांत नाहीत, जवळचं केंद्र वेबसाइटवर शोधा. आम्ही तीन घरांनी मिळून फळी केली आहे: महिन्यातला एक शनिवार-रविवार तिघेही एका घरी, बाकीची दोन घरं मोकळी. पहिल्यांदा मोकळी झाले तेव्हा मी सतरा तास झोपले.

परदेशात हे कसं चालतं?

बेल्जियममधल्या खेल (Geel) गावाचं नाव ऐकलं असेल. संत डिम्फनाच्या देवळाला येणारे मनोरुग्ण आणि मंदबुद्धी यात्रेकरू मध्ययुगापासून तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी राहू लागले आणि ती रीत आजही आहे. १९३० च्या दशकात तिथे साडेतीन हजारांवर असे पाहुणे होते. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेच्या जतनाची नोंद घेतली. घराला मोबदला मिळतो आणि पाठीशी रुग्णालय असतं.

अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. मेडिकेडच्या (गरीब आणि दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य योजना), १९८१ पासून चालत आलेल्या सवलतीतून बरीच राज्यं अशा घरांना पैसे देतात. घराची तपासणी, पार्श्वभूमीची चौकशी, प्रशिक्षण, केस मॅनेजर आणि त्या व्यक्तीसोबत बसून केलेली वर्षाची योजना, हे सगळं असतं. ऑरेगनमध्ये एका घरात जास्तीत जास्त पाच जण. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: २०१४ च्या एका कर-सूचनेनुसार स्वतःच्या घरात अशी सेवा दिल्याबद्दल मिळणारे मेडिकेडचे पैसे बहुधा करपात्र उत्पन्नात धरत नाहीत, सख्ख्या नातलगाला सांभाळत असाल तरी. करसल्लागाराला 'नोटीस २०१४-७' एवढं सांगा.

ते मतदान करू शकतात का?

हो. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलं असेल तरच नाव वगळता येतं. भाऊजी दर निवडणुकीला निळा सदरा घालून जातात आणि कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगत नाहीत. घरात एवढं पाळणारे ते एकटेच.

आमच्या पश्चात काय?

दुसऱ्या पालकाचं नाव आजच ठरवा आणि त्यांची एकमेकांशी सवय होऊ द्या. मृत्युपत्रात थेट त्यांच्या नावावर मोठी रक्कम ठेवण्यापेक्षा खासगी न्यास करून दोन-तीन विश्वस्त नेमलेले बरे. एक वही वेगळी ठेवा: काय खातात, कशाला घाबरतात, कोणती औषधं, कुणाचा आवाज आवडतो.

पालकांनीच उभ्या केलेल्या कायमच्या निवासी संस्थाही आपल्याकडे आहेत. बदलापूर आणि नाशिकचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल'. प्रतीक्षायाद्या लांब असतात, म्हणून गरज पडायच्या आधी जाऊन या.

आणि त्यांनाच आमच्याकडे राहायचं नसेल तर?

कायद्याने त्यांना अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती करता येत नाही, आणि हे आपल्या घरालाही लागू होतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी भाऊजींना एका निवासी संस्थेत आठ दिवस राहायला नेलं होतं, त्यांना काय वाटतं ते कळावं म्हणून. पहिले चार दिवस ते खूश होते, तिथे एक मित्र मिळाला. पाचव्या दिवशी फोनवर म्हणाले, 'वहिनी, इथे चहा काचेच्या ग्लासात देतात.' घ्यायला गेले तर पिशवी भरून गेटवर उभे होते. मित्राला दर दिवाळीत फराळ पाठवतात, आणि मधूनमधून विचारतात, पुन्हा कधी जायचं. पुढच्या वेळी स्टीलचा कप सोबत देणार आहे.